उघडझाप न करणारा टीव्ही

रत्नागिरीत छोटा टीव्ही मागितला की दुकानदार आधी आपल्या चपलांकडे बघतो आणि कोपऱ्यातला स्वस्तातला बत्तीस इंची दाखवायला नेतो. त्याला सांगितलं, छोटाच हवा, पण कंपनीचा सगळ्यात भारी हवा आणि गेम खेळायला हवा, की मग तो आपल्या तोंडाकडे बघतो. मारुती मंदिराजवळच्या एका दुकानदाराने तर मला विचारलंच, काका, एवढ्या पैशांत पासष्ट इंची येतो, तुम्ही बेचाळीस घेऊन काय करणार? मी म्हटलं, भिंतीला तेवढंच भोक पडलंय, ते बुजवायचंय. तो हसला. मी हसलो नाही. खरं कारण बाहेर कुठे बोलायला बायकोने बंदी घातली होती.

खरं कारण म्हणजे आमची मुलगी. ती पुण्याच्या एका कंपनीसाठी गेममधल्या जागा काढते. गेम खेळणारा माणूस ज्या गल्लीतून पळतो, ज्या जंगलात लपतो, ज्या पडक्या देवळात शिरतो, ती गल्ली, ते जंगल आणि ते देऊळ ही काढते. हे काय काम झालं, असं मी सुरुवातीला म्हणायचो. मग तिने एकदा मला तिचं जंगल दाखवलं आणि माझं तोंड बंद झालं. पुण्यात मैत्रिणींबरोबर राहायची, मजेत होती. एका संध्याकाळी मोठ्या पडद्यावर आपलंच काम तपासताना ती खुर्चीवरून खाली कोसळली. मैत्रिणीचा फोन आला तेव्हा मी मागच्या पडवीत नारळ सोलत बसलो होतो. काका, तिला फिट आली, एवढं मी ऐकलं. पुढचं ती बरंच काही बोलत होती, पण मला ऐकूच आलं नाही.

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी तिच्या डोक्याला वायरी लावल्या, डोळ्यांसमोर दिवा उघडझाप करून बघितला आणि निदान सांगितलं. प्रकाशाची एका ठरावीक वेगाने उघडझाप झाली की तिच्या मेंदूत वादळ उठतं. गोळ्या सुरू झाल्या, कंपनीने घरून काम करायला परवानगी दिली आणि लेक रत्नागिरीला आली. त्यानंतर फिट आली नाही. पण कंपनीचं म्हणणं पडलं की लोक गेम टीव्हीवर खेळतात, तेव्हा तिनेही आपली जागा टीव्हीवर खेळून बघायला हवी. ते जमत नसेल तर काम दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल.

मी डॉक्टरांकडे गेलो तो त्यांनी नको म्हणावं म्हणून. ते काही नको म्हणाले नाहीत. गोळ्यांवर ती स्थिर आहे, ते म्हणाले, आणि पोरगी काय जन्मभर डोळे मिटून बसणार आहे का? पडदा लहान घ्या, तिला लांबून बघू दे. खोलीत भरपूर उजेड असू दे, टीव्हीचा प्रकाश उतरवून ठेवा. टीव्ही चांगल्यातला घ्या, चित्र थरथरणारा नको. आणि समोर काही लखलखायला लागलंच तर तिने लगेच एक डोळा तळहाताने झाकायचा. दोन्ही मिटून भागत नाही, मिटलेल्या पापणीतूनही उजेड आत जातो. एक डोळा झाकायचा आणि तोंड फिरवायचं. असा हा छोटा आणि भारी टीव्ही आमच्या कपाळी आला.

आता माझ्या डोक्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझी उभी नोकरी लोट्याच्या एका केमिकल कंपनीत सेफ्टी खात्यात गेली. काय काय बिघडू शकेल, त्याचा आधीच विचार करायचा, हे माझं काम. लोकांना टाकी दिसायची, मला ती फुटलेली दिसायची. लोकांना शिडी दिसायची, मला तिच्याखाली पडलेला माणूस दिसायचा. त्याचा पगार मिळत होता तोवर ठीक होतं. निवृत्त झालो, कंपनीची बस सुटली, पण डोकं ड्युटीवरच राहिलं. बायको म्हणते, तुम्ही घरी आलात ते सायरन बरोबर घेऊनच. तर अशा डोक्याला लेकीची फिट मिळाली. मी तिच्याकडे बघायचो आणि मला ती पडलेली दिसायची. जेवताना दिसायची, केस विंचरताना दिसायची. भीती वाटायची असं म्हणणं म्हणजे काहीच नाही, मी भीतीतच राहायला गेलो होतो.

शोधाशोध करून शेवटी दोन टीव्ही उरले. एक बेचाळीस इंची, ओएलईडी. त्यात पडद्यामागे दिवे नसतात, प्रत्येक ठिपका आपला आपण उजळतो आणि काळा म्हणजे काजळासारखा काळा. दुसरा त्रेचाळीस इंची, मिनी एलईडी. त्याच्या पडद्यामागे बारीक दिव्यांची फौजच्या फौज, भर उन्हातही चित्र दिसेल असा झगझगीत. मुलीचं मन पहिल्यावर होतं, कारण तिच्या जंगलातला अंधार त्यात खरा दिसायचा. माझं मन रोज फिरत होतं. कुठेतरी वाचलं की गेमचा वेग कमीजास्त झाला की टीव्ही आपला वेग त्याला जुळवून घेतो आणि तेव्हा पहिल्या टीव्हीत अंधाऱ्या दृश्यांचा उजेड किंचित थरथरतो. झालं, पहिला बाद. मग वाचलं की दुसऱ्याचे मागचे दिवे एका सेकंदात शेकडो वेळा बंद-चालू होतात. दुसराही बाद. मुलीने शांतपणे समजावलं की पहिल्यातली ती सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येते, आणि दुसऱ्यातली उघडझाप इतकी जलद असते की डोळ्यांना आणि मेंदूला तिचा पत्ताच लागत नाही. डॉक्टरांनीही फोनवर तेच सांगितलं. पण दुधाने तोंड भाजलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि मी तर ताकाचा पेला बघूनच पळत होतो.

दोन्ही टीव्ही शेजारी शेजारी लावलेले रत्नागिरीत कुठे मिळेनात, म्हणून आम्ही दोघं कोल्हापूरला गेलो. तिथल्या दुकानाचं काचेचं दार ढकललं आणि समोर अख्खी भिंत टीव्हींची. एकात फटाके, एकात मोटारींची शर्यत, एकात कुणी नाचतंय, आणि प्रत्येक जण शेजाऱ्यापेक्षा जास्त लखलखायला बघतोय. मुलीने दारातच उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला, मान वळवली आणि भिंतीच्या कडेकडेने आत चालायला लागली. मी तिच्या मागे दोन्ही हात पसरून, नुकतं पाऊल टाकणाऱ्या पोराच्या मागे चालतात तसा. ती सव्वीस वर्षांची आहे. लोक बघत होते. मला त्याचं काही नव्हतं, मी तिच्या मानेकडे बघत होतो.

विक्रेत्याने विचारलं, मॅडमच्या डोळ्यात काही गेलंय का? मी म्हटलं, कचरा गेलाय, आधी बाकीचे सगळे टीव्ही बंद करा. तो म्हणाला, तसं करता येत नाही, डेमो चालू असतो. तेव्हा माझा आवाज चढला. मला अजून लाज वाटत नाही त्याची. मॅनेजर आले, त्यांनी आमच्याकडे एकदा नीट बघितलं आणि काही न विचारता भिंत बंद केली. फक्त दोन टीव्ही चालू राहिले. मुलीने हात खाली घेतला आणि दोन्हींवर आपलं जंगल लावून बघितलं. हा काळा बघा, ती मला सांगत होती, आणि इथे बघा, पानांच्या कडेला कसा पांढरा धूर येतोय. ती आनंदात होती, आणि मी एकदाही पडद्याकडे बघितलं नाही. मी तिच्या पापण्या बघत होतो. त्या दोन टीव्हींतला फरक मला एवढाच कळला की दोन्हींपुढे ती श्वास घेत होती.

मग मी मोबाईलवर दोन्हींचं संथ गतीतलं चित्रण केलं. दुसऱ्यावर काळे पट्टे सरकताना दिसले, पहिल्यावर बारीकशी थरथर दिसली. म्हटलं, बघ, दोन्ही लबाड. टीव्ही न घेताच निघालो. आंबा घाट उतरलो. साखरप्याला चहाला थांबलो तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्हाला टीव्ही निवडायचा नाहीये. तुम्हाला सगळे नापास करायचेत. म्हणजे काम जाईल आणि मी नुसती बसून राहीन, तुम्हाला दिसेल अशी."

मी म्हटलं, चहा गार होतोय. पोरगी खरं बोलत होती आणि कंपनीने दिलेली मुदत संपत आली होती.

शेवटी बायको वैतागली. तिचं माहेर बुरोंडीचं, बापाच्या होड्या, आणि भरतीला किंवा नवऱ्याला थांबून राहायची तिला सवय नाही. अहो, तुमचं इंटरनेट पुरे झालं, म्हणाली, आता देवाला विचारा.

आमच्याकडे अडलं की ग्रामदेवतेला कौल लावतात. आमचं गाव खाडीपलीकडे, भाट्याचा पूल ओलांडून पावसच्या रस्त्याला. गुरव देवाच्या पाषाणाला पाण्याचा हात फिरवून दोन्ही अंगांना फुलाच्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे टक लावून बसतात. उजवी पाकळी आधी सुटली तर एक उत्तर, डावी सुटली तर दुसरं. जमिनीचे तंटे, लग्नं, विहिरीची जागा, सगळं ह्या पाकळ्यांवर ठरत आलेलं आहे. टीव्हीचा कौल मात्र गावात पहिलाच असावा. आयुष्यभर लोकांना मी सांगत आलो की नशिबावर काही सोडू नका, तपासा, पुन्हा तपासा. आणि आता आंघोळ करून, धोतर नेसून, हात जोडून बसलो होतो. हसू येईल, पण मला त्या दिवशी हसू येत नव्हतं. माझ्याच्याने निवडणं होत नव्हतं. चुकलं तर ती पडणार होती, आणि टीव्ही मी निवडलेला असणार होता. देवाने निवडला तर निदान तेवढं ओझं त्याच्या डोक्यावर.

गुरवाने विचारलं, काय बोलू? मुलगी हसू दाबत म्हणाली, उजवीकडे काळा, डावीकडे उजळ. गुरवाने पाकळ्या लावल्या, घसा साफ केला आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा, ह्या तुज्या लेकरांनी तुज्याफुडं दोन टीव्ही ठेवलेत. उजवीला काळा, डावीला उजळ. पोरीला जो सोसल, जो तिला इजा करायचा न्हाय, तो दाव म्हाराजा."

आम्ही म्हटलं, व्हय म्हाराजा. पाकळ्या काही हलेनात. बाहेर कुणाचा तरी बैल डुरकला, बायकोच्या बांगड्या वाजल्या, तरी पाकळ्या जागच्या जागी. मला वाटलं, देवालाही दोन्ही नापास करायचेत. आणि मग उजवी पाकळी सुटली आणि घरंगळत खाली आली. माझ्या डोळ्यांतून पाणीच आलं. मुलीने माझ्याकडे बघितलं आणि तिचं हसू गेलं. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. बायकोने लगेच बोलून टाकलं की टीव्ही उंबऱ्याच्या आत नेण्याआधी इथे आणू, नारळ ठेवू, मगच घरी नेऊ. गुरव म्हणाला, तसंच करा.

मारुती मंदिराजवळच्या त्याच दुकानदाराकडून पहिला टीव्ही मागवला. तो आल्याचा निरोप दुपारी मिळाला. दुकानदाराने बजावलं की खोका आडवा ठेवायचा नाही, पडद्यावर भार येतो. म्हणून तो मागच्या सीटवर उभा ठेवला, पट्ट्याने बांधला. एरवी मुलीला मी मागेच बसवायचो. काचेवरून ऊन थेट डोळ्यांवर येतं म्हणून तसा नियमच केला होता. पण मागे आता खोका होता, तेव्हा ती पुढे माझ्या शेजारी बसली. बायको घरी टीव्हीची जागा पुसत होती. फोनवर म्हणाली, आधी देवळात जा, घरी वस्तू मागाहून आणा.

देवळात नारळ ठेवला. गुरव गाडीपर्यंत आला आणि खोक्याला हळदकुंकू लावून गेला. परत निघालो तेव्हा मी कित्येक महिन्यांत नव्हतो एवढा हलका झालो होतो. गाणं म्हणत होतो म्हणे, मुलीने नंतर सांगितलं. टीव्ही देवाने पास केला होता, सेटिंगमधली ती सोय बंद करायची होती, खोलीत दोन नवीन ट्यूबलाइट बसवल्या होत्या, खुर्ची कुठे ठेवायची तिथे खडूने खूण केली होती. काही म्हणजे काही राहिलं नव्हतं.

सूर्य समुद्रावर टेकायला आला होता. भाट्याला किनाऱ्याच्या बाजूने सुरूचं बन आहे. सुरूची खोडं उंच, सरळ, एकाला लागून एक. परत येताना समुद्र डाव्या हाताला येतो, म्हणजे तिच्या खिडकीच्या बाजूला. मी गाडी चालवत होतो आणि खोडांमधून ऊन आत येत होतं. खोड, ऊन, खोड, ऊन, खोड, ऊन. रस्ता मोकळा होता म्हणून मी जरा वेगात होतो. ती मला सांगत होती की पहिल्यांदा टीव्हीवर ती देऊळ लावून बघणार, जंगल नाही, कारण देवळात… एवढंच म्हणाली. मला वाटलं, पुढचा शब्द आठवत असेल. मी वळून बघितलं. तिचा तळहात डोळ्याकडे निघाला होता. तो पोचला नव्हता. पापण्या फडफडत होत्या आणि मान खिडकीकडे ओढली जात होती.

गाडी मी कशी थांबवली ते मला आठवत नाही. तिला कुशीवर वळवायचं, पट्टा सैल करायचा, तोंडात काही घालायचं नाही, हे सगळं मी कंपनीत शेकडो माणसांना शिकवलेलं आहे. टेबलावर बाहुली ठेवून शिकवलंय. आणि माझे हात तिच्या पट्ट्याचं बटण शोधत होते आणि ते सापडत नव्हतं. तिचं अंग झटके देत होतं, दातांवर दात वाजत होते. मी तिच्यावर वाकून माझं अंग तिच्या खिडकीला लावलं आणि ऊन अडवलं. ऊन अडवून आता काय उपयोग? पण मला दुसरं काही सुचलं नाही. मी रडत होतो आणि तिला नावाने हाक मारत होतो.

किनाऱ्यावर फिरायला आलेली माणसं धावत आली. कुणी कांदा फोडून आणला, कुणी चप्पल हुंगवा म्हणालं, एकाने तिच्या मुठीत किल्ली कोंबायला सुरुवात केली. मी त्याचा हात झिडकारला आणि तोंडाला येतील त्या शिव्या घातल्या. बिचारा भला माणूस होता. नंतर त्यानेच आमची गाडी चालवत आम्हाला दवाखान्यात नेलं. मी मागे खोक्याच्या शेजारी अंग चोरून बसलो होतो, आणि तिचं डोकं पुढच्या सीटच्या फटीतून हात घालून धरून ठेवलं होतं.

ती शुद्धीवर आली तेव्हा बायको पोचली होती. मुलीची जीभ दाताखाली सापडून सुजली होती, डोळे जड होते, पण आम्हाला ओळखत होती. मी बायकोला सांगितलं, उद्या सकाळी टीव्ही परत. दुकानदार घेत नसेल तर त्याच्या दारात ठेवून येतो. कौल नको, कंपनी नको, काही नको. मला माझी पोरगी हवी आहे. मी मोठ्याने बोलत होतो, शेजारच्या खाटेवरचे लोक बघत होते.

मुलगी जड जिभेने म्हणाली, "टीव्ही तर अजून लावलासुद्धा नाही, बाबा."

सुजलेली जीभ सावरत ती पुन्हा बोलली. "टीव्ही परत कराल. सुरूचं बन कुणाला परत करणार?"

बायकोने तोंडाला पदर लावला. ती हसत होती की रडत होती, मला कळलं नाही.

कोल्हापूरच्या डॉक्टरांना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. झाडांतून येणाऱ्या उन्हाने असं होतं, ते म्हणाले, ती उघडझापच असते, आणि नेमकी वाईट वेगाची. पण ह्या रस्त्याने ती लहानपणापासून जातेय ना? मग आजच का? गोळी चुकली का? नाही, गोळी मी स्वतः देतो. ताप? नाही. मग त्यांनी विचारलं, झोप नीट होते का? अपुरी झोप असेल तर एरवी सोसतं तेसुद्धा सोसत नाही.

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. तेव्हा मुलगी छताकडे बघत म्हणाली, "बाबा रात्रीतून कितीतरी वेळा येऊन बघतात. दिवा लावतात. मग मला झोप लागत नाही."

आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्यांना बोलले नाही मी. ते घाबरलेले असतात."

फोनवर डॉक्टर काय बोलले ते बायकोने ऐकलं. मला आठवतं ते एवढंच की मी खाटेचा दांडा धरून उभा होतो. सगळे टीव्ही मी तपासले होते. दिव्यांचा वेग तपासला होता, पडद्याचा काळा तपासला होता, खुर्चीचं अंतर तपासलं होतं. आणि तिच्या डोळ्यांवर रोज रात्री दिवा लावणारा मी होतो. शिंचा सेफ्टीवाला.

टीव्ही परत गेला नाही. मुलीला बरं वाटल्यावर तिने आणि तिच्या आईने मिळून खोका उघडला, मला हात लावू दिला नाही. ती वेगाची सोय बंद केली, प्रकाश उतरवला, दोन्ही ट्यूबलाइट लावल्या. डॉक्टरांनी गोळीचं प्रमाण बदललं होतं आणि थोडं थोडं सुरू करायला हरकत नाही म्हणाले होते. भाट्याच्या रस्त्याने संध्याकाळी जायचं झालं तर ती काळा चष्मा लावते आणि एक डोळा झाकते. कंपनीने मुदत वाढवून दिली.

पहिल्या दिवशी ती खडूच्या खुणेवर खुर्ची ठेवून बसली आणि देऊळ लावलं. मी दारात उभा. मी टीव्हीकडे बघत नव्हतो, हे तुम्हाला सांगायला नकोच. तिने कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "बाबा, दार लावून घ्या. बाहेरून."

मी म्हटलं, आणि काही झालं तर? ती म्हणाली, "तर होईल. तुम्ही दारात असलात तरी होईल." रागाने नाही म्हणाली. मला उगीच वाटलं होतं की ती रागावेल, ओरडेल, मग मला भांडता येईल आणि भांडून तिथेच उभं राहता येईल.

मी दार लावलं. आता रोज लावतो, आणि रात्रीही उघडत नाही. ओटीवरच्या खुर्चीत बसतो. आतून बटणांचा आवाज येत असतो, आणि मध्येच तो थांबतो. ती विचार करत असते, पाणी पीत असते किंवा पडलेली असते. तिन्हींचा आवाज दाराबाहेर सारखाच येतो. बायको भाजी चिरताना सुरी थांबवते आणि माझ्याकडे बघते. मी खुर्चीचे हात घट्ट धरतो आणि बसून राहतो. भीती गेली असं कुणी सांगेल तर साफ खोटं, ती आहे तेवढीच आहे. पण ती माझी आहे. तिच्या खोलीत मी ती नेत नाही.